बोटीच्या फोटोत नसलेल्या बायका

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या गावाबाहेरच्या कचरा डेपोच्या विरोधात मोर्चा निघाला होता. घरोघरी फिरून सह्या गोळा केल्या त्या बायकांनी, दहा-वीस रुपये वर्गणी मागितली ती बायकांनी, उन्हात बसलेल्यांसाठी पोहे आणि ताकाचा हंडा नेला तोही बायकांनीच. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. त्यात बॅनर धरलेले पाच पुरुष! आमच्या बचत गटातल्या एक वहिनी चष्मा लावून बराच वेळ फोटो बघत बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, हा कोपऱ्यातला हात माझाच. बांगड्यांवरून ओळखला."

हसून हसून पुरेवाट झाली. पण तो हात काही डोक्यातून गेला नाही. मार्च २०२५ मध्ये एक बातमी वाचली आणि तो पुन्हा आठवला.

बातमी अमेरिकेतली. नॉर्थ डकोटा राज्यातल्या एका कोर्टात ज्युरीने, म्हणजे सामान्य नागरिकांच्या पंचमंडळाने, 'ग्रीनपीस' या पर्यावरण संघटनेला एका तेलवाहिनी कंपनीला ६६ कोटी डॉलरहून जास्त भरपाई द्यायला सांगितलं. आपल्या रुपयांत साडेपाच हजार कोटींच्या वर! त्याच वर्षी नंतर न्यायाधीशांनी ती रक्कम जवळजवळ निम्म्यावर आणली; पण निम्मी झाली तरी संघटनेच्या अमेरिकेतल्या शाखेला दिवाळं काढायला लावील एवढी ती आहेच. संघटनेने अपील करणार असल्याचं जाहीर केलं. कंपनीचं म्हणणं थोडक्यात असं, की तेलवाहिनीला विरोध करणाऱ्या तिथल्या आदिवासींना या लोकांनी भडकवलं, आमची बदनामी केली, आमचं नुकसान केलं.

भडकवलं! या शब्दावर मी अडले. त्याच्याकडे शेवटी येतेच. आधी ही ग्रीनपीसवाली माणसं कोण, ते बघू. आपल्याला ठाऊक असतो तो एकच फोटो. अजस्र जहाज आणि त्याच्या पुढ्यात रबराच्या होडीत बसलेली दोन-तीन माणसं. फार तर पुण्या-मुंबईत कधीतरी हिरव्या टी-शर्टातली मुलं फॉर्म घेऊन पुढे आलेली आठवतील.

ही गोष्ट सुरू होते कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात, चक्क स्वयंपाकघरात. आयर्व्हिंग आणि डोरोथी स्टो हे जोडपं मूळचं अमेरिकेतलं. आपल्या सरकारची अण्वस्त्रं आणि युद्धं पटत नाहीत म्हणून देश सोडून आधी न्यूझीलंडला आणि मग कॅनडात आलेलं. दोघांनी क्वेकर पंथ स्वीकारला होता. क्वेकर म्हणजे ख्रिश्चनांमधला युद्ध न मानणारा पंथ. जिथे अन्याय घडतो त्या जागी जाऊन साक्षीला उभं राहायचं, हात उगारायचा नाही पण तिथून हटायचंही नाही, ही त्यांची रीत. सत्याग्रह माहीत असलेल्या आपल्याला ती वेगळी समजावून सांगायला नको. आयर्व्हिंग वकील होता, पण पुढे त्याने आंदोलनालाच वाहून घेतलं. मग घर कोण चालवणार? डोरोथी समाजसेविकेची नोकरी करायची. तिच्या पगारावर घर चालायचं, घरात बैठका व्हायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्यांचं चहापाणी व्हायचं. (हे वाचताना मला आपल्याकडच्या किती कार्यकर्त्यांच्या बायका आठवल्या! नवरा समाजकार्यात आणि बायको शाळेत मास्तरीण.)

त्या वेळी अमेरिका अलास्काजवळच्या अम्चिट्का नावाच्या बेटावर जमिनीखाली अणुस्फोट करत होती. १९६४ मध्ये अलास्कात प्रचंड भूकंप झाला होता, समुद्राच्या लाटांनी शंभराहून जास्त माणसं मेली होती. तो भूकंप लोक विसरले नव्हते. स्फोटाने पुन्हा जमीन हलली आणि लाट उठली तर? म्हणून या मंडळींनी समितीचं नावच ठेवलं, 'लाट उठवू नका समिती'.

मोर्चे झाले, निवेदनं झाली. पुढे काय, ते कुणाला सुचेना. फेब्रुवारी १९७० मध्ये एका सकाळी मेरी बोलेन नावाची बाई नवऱ्याबरोबर कॉफी पीत होती. ती चित्रकार. व्हिएतनामच्या युद्धात मुलाला सक्तीने भरती करतील या धास्तीने ती आणि तिचा नवरा जिम कॅनडात आले होते. ती सहज म्हणाली, की कुणी सरळ बोट घेऊन त्या बॉम्बशेजारी जाऊन उभं का राहत नाही? तेवढ्यात एका वर्तमानपत्राचा फोन आला, समितीचा पुढचा कार्यक्रम काय म्हणून. जिमने ठोकून दिलं, आम्ही बोट घेऊन निघालोय! झालं. दुसऱ्या दिवशी छापूनही आलं. आता बोट शोधणं भाग होतं.

पुढे एका बैठकीतून निघताना कुणीतरी दोन बोटं वर करून 'पीस' म्हटलं. बिल डार्नेल नावाचा एक तरुण सहज म्हणाला, 'ग्रीन पीस' म्हणू या. हिरवी शांतता. वर्गणीसाठी बिल्ले छापायचे ठरले. मेरीच्या मुलाने बिल्ल्याचं चित्र केलं, पण दोन शब्द वेगवेगळे बसेनात, म्हणून जोडून टाकले. बिल्ला २५ सेंटला, म्हणजे पाव डॉलरला. ज्या नावाला पुढे मोठमोठी सरकारं वचकली, ते असं बिल्ल्यावर जागा कमी पडली म्हणून जोडलं गेलं. मला तर ही गोष्ट फार आवडते. पण पाव-पाव डॉलरवर बोट कशी मिळणार? ऑक्टोबर १९७० मध्ये गाण्यांचा मोठा कार्यक्रम झाला. तेव्हा गाजत असलेली जोनी मिचेल त्यात फुकट गायली. जोन बाएझ येऊ शकली नाही, तिने चेक पाठवला.

बोट मिळाली ती जॉन कॉर्मॅक नावाच्या कोळ्याची. जुनी मासेमारीची बोट. तिला त्याने आपल्या बायकोचं नाव दिलेलं, 'फिलिस कॉर्मॅक'. १५ सप्टेंबर १९७१ ला ती निघाली. कल्पना बाईची, बोट बाईच्या नावाची, नोकरी करून घर सांभाळलं बाईने, आणि बोटीवर चढले बारा पुरुष!

किनाऱ्यावर आणखी एक डोरोथी होती. डोरोथी मेटकाफ. तिचा नवरा बोटीवर, आणि तिने घरात रेडिओयंत्र मांडलेलं. समुद्रातून येणारा निरोप ती ऐकायची आणि वर्तमानपत्रांना, रेडिओला कळवायची. आणि खरं सांगायचं तर काम तिथेच झालं. कारण बोट बेटापर्यंत पोहोचलीच नाही! अमेरिकन तटरक्षकांनी अडवली, हवामान बिघडलं, स्फोटाची तारीख पुढे गेली, बोट परत फिरली. बदली दुसरी बोट निघाली, ती शेकडो मैल दूर असतानाच ६ नोव्हेंबर १९७१ ला बॉम्ब फुटला. हिरोशिमाच्या तीनशेपटींहून मोठा. म्हणजे मोहीम साफ फसली म्हणायची. पण तोवर कॅनडाभर लोक रस्त्यावर आले होते, सीमेवरचे पूल अडवले जात होते. पुढच्याच वर्षी अमेरिकेने अम्चिट्कावरच्या चाचण्या बंद केल्या. बोट कुठवर गेली यापेक्षा तिची बातमी कुठवर गेली याला महत्त्व आलं. ही गोष्ट संघटनेने पक्की ध्यानात ठेवली. तिचं भलं त्यातूनच झालं आणि चुकाही त्यातूनच झाल्या.

१९७३ मध्ये फ्रान्सच्या चाचण्यांच्या विरोधात 'वेगा' ही छोटी शिडाची बोट पॅसिफिकमधल्या मोरुरोआला गेली. या वेळी बोटीवर दोन बायका होत्या. फ्रेंच सैनिक बोटीवर चढले आणि डेव्हिड मॅकटॅगर्टला त्यांनी इतकं मारलं, की त्याच्या डोळ्याला कायमची इजा झाली. फ्रेंचांनी सांगितलं, मारलं नाही, तो पडला. (ओळखीचं वाटतं ना? पोलीस ठाण्यात आणि सासरी माणसं नेहमी 'पडतात'च.) पण ॲन-मेरी हॉर्न हिने ती मारहाण कॅमेऱ्यात टिपली होती. एक कॅमेरा सैनिकांनी समुद्रात फेकला, पण फिल्म तिने स्वतःच्या अंगात लपवून बाहेर काढली. फोटो जगभर छापले गेले आणि फ्रान्स उघडं पडलं. पुढच्या वर्षानंतर फ्रान्सने हवेतले स्फोट थांबवून ते जमिनीखाली नेले.

मग व्हेल आल्या. १९७५ मध्ये रशियन शिकारी जहाजं आणि व्हेल यांच्या मधोमध रबरी होड्या घालून माणसं उभी राहिली, तो आपल्याला माहीत असलेला फोटो तिथला. १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने व्यापारी शिकार थांबवायचा ठराव केला. हे सगळं बहुतेकींनी वाचलेलं असेल, म्हणून पुढे जाते.

मला थांबायचंय ते १९८५ पाशी. पॅसिफिकमध्ये मार्शल बेटं आहेत, त्यात रोंगेलाप नावाचं छोटंसं बेट. १ मार्च १९५४ ला अमेरिकेने जवळच्या बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्ब फोडला. त्याची राख रोंगेलापवर बर्फासारखी पडली, आणि पोरं त्यात खेळली. दोन दिवसांनी लोकांना हलवलं, तीन वर्षांनी 'आता काही धोका नाही' म्हणून परत आणून सोडलं. त्यानंतर तिथल्या बायकांचे गर्भ पडू लागले. काहींना हाडं नसलेली, जेलीच्या गोळ्यासारखी बाळं झाली. गळ्याच्या गाठी तर घरोघरी. अमेरिकन डॉक्टर येत, तपासत, लिहून नेत. शेवटी लोकांनीच ठरवलं की मुलांसाठी बेट सोडायचं. सरकारने दाद दिली नाही, तेव्हा त्यांचा प्रतिनिधी जेटन अंजाइन याने ग्रीनपीसकडे बोट मागितली. मे १९८५ मध्ये 'रेनबो वॉरियर' गेली. घरांची लाकडं, पत्रे, म्हाताऱ्याकोताऱ्या, तान्ही मुलं असं सगळं मिळून तीनशेच्या आसपास माणसं फेऱ्या करून दुसऱ्या बेटावर नेली. त्या बोटीवर बनी मॅकडिअर्मिड नावाची न्यूझीलंडची एक मुलगी साधी खलाशी होती. दोर ओढणं, डेक धुणं हे तिचं काम. तीच पुढे २०१६ मध्ये जेनिफर मॉर्गनच्या जोडीने जगभरच्या ग्रीनपीसची प्रमुख झाली.

रोंगेलापनंतर दोनच महिन्यांनी, १० जुलै १९८५ च्या रात्री, न्यूझीलंडच्या ऑकलंड बंदरात फ्रेंच गुप्तहेरांनी रेनबो वॉरियरला सुरुंग लावून ती बुडवली. फर्नांडो परेरा हा छायाचित्रकार बुडून मेला. आधी एक फ्रेंच हेर बाई स्वयंसेविका बनून ऑकलंडच्या ऑफिसात काम करून गेली होती, आणि पकडलेल्या दोघांत एक 'नवविवाहित बायको' बनून आलेली कॅप्टन होती. फ्रान्सच्या संरक्षणमंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. बाई आहे म्हणजे सोज्वळच असेल, असं जगात कुठेही धरून चालू नये!

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर हा लेख म्हणजे आरती होईल.

१९७६ पासून ग्रीनपीसने कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमध्ये सील माशांच्या शिकारीविरुद्ध मोहीम काढली. मासे म्हणायचं एवढंच, सील हा सस्तन प्राणी. त्याची पांढरीशुभ्र, टपोऱ्या डोळ्यांची पिल्लं काठीने मारत. ते फोटो बघून युरोपात लोक रडले, देणग्यांचा पाऊस पडला, आणि १९८३ मध्ये युरोपने त्या पिल्लांच्या कातड्याची आयात बंद केली. पण दूर उत्तरेच्या बर्फात इनुइट लोक राहतात. तिथे शेती नाही, भाजी पिकत नाही. सीलचं मांस हे त्यांचं जेवण, आणि कातडं कमावून बूट-कोट शिवणं हा त्यांच्या बायकांचा पिढ्यान् पिढ्यांचा हुन्नर. ही पांढरी पिल्लं ते मारतच नव्हते. कागदावर बंदी त्यांना लागू नव्हती, पण बाजारात कातडं म्हटलं की गिऱ्हाईक तोंड फिरवू लागलं. भाव कोसळले. हातात येणारे चार पैसे गेले. कुणीही त्यांना आधी विचारलं नव्हतं. २०१४ मध्ये ग्रीनपीस कॅनडाच्या तेव्हाच्या प्रमुख जोआना केर यांनी इनुइटांची जाहीर माफी मागितली. मधली तीसेक वर्षं कोण भरून देणार? अलेथिया अर्नाकुक-बारिल या इनुइट दिग्दर्शिकेने २०१६ मध्ये माहितीपट काढून हेच जगाला विचारलं.

बघा, माणसं तीच, संघटना तीच. रोंगेलापला लोकांनी बोलावलं म्हणून गेले, आणि लोकांनी सांगितलं तेवढं केलं. उत्तरेत न विचारता गेले. आणि का गेले, तेही मला कळतं. ही संघटना सरकारचे आणि कंपन्यांचे पैसे घेत नाही, सामान्य माणसांच्या देणग्यांवर चालते. हे चांगलंच. पण मग ज्याचा फोटो गोंडस, त्याच्या नावाने पैसे येणार. सीलच्या पिल्लाचे डोळे टपोरे. कातडं घासणाऱ्या बाईचे हात रापलेले. डिसेंबर २०१४ मध्ये तर पेरू देशातल्या नाझ्का इथल्या प्राचीन रेघांच्या चित्रांशेजारी हे लोक अक्षरं मांडायला गेले आणि दीड-दोन हजार वर्षांच्या त्या नाजूक जमिनीवर पायांचे ठसे उमटवून आले. तिथेही माफी मागितली.

आपल्याकडे ग्रीनपीस २००१ मध्ये आली. त्याच वर्षी कोडाईकनालच्या भंगारवाल्याकडे थर्मामीटर कारखान्यातली पाऱ्याने माखलेली काच सापडली, ती तिथल्या रहिवाशांनी आणि ग्रीनपीसने मिळून बाहेर काढली. पण कामगारांना कंपनीकडून तडजोडीचे पैसे मिळायला २०१६ साल उजाडलं. २००६ मध्ये ॲस्बेस्टॉसने भरलेली 'क्लेमान्सो' ही फ्रेंच युद्धनौका गुजरातच्या अलंगला तोडायला येत होती, तिला फ्रान्सने अर्ध्या वाटेतून परत बोलावलं, त्यामागेही हेच आंदोलन.

मध्य प्रदेशात सिंगरौलीजवळ महानचं जंगल आहे. मोहाची फुलं, तेंदूची पानं वेचून बायका तिथे संसार चालवतात. जंगलाखाली कोळसा, आणि तो हवा होता कंपन्यांना. ग्रामसभेच्या ठरावावर मेलेल्या माणसांच्याही सह्या असल्याची गावकऱ्यांची तक्रार होती. जानेवारी २०१४ मध्ये कार्यकर्त्यांनी मुंबईत महालक्ष्मीला एस्सार कंपनीच्या इमारतीवर भलामोठा फलक सोडला, आणि कंपनीने ५०० कोटींचा दावा ठोकला. गावकऱ्यांबरोबर काम करणारी प्रिया पिल्लई जानेवारी २०१५ मध्ये ब्रिटिश खासदारांपुढे हे सांगायला लंडनला निघाली, तर दिल्ली विमानतळावरच तिला अडवून परत पाठवलं. मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सरकारला चुकीचं ठरवलं, आणि त्याच महिन्यात महानच्या कोळशाचा लिलाव करायचा नाही असंही ठरलं. जंगल वाचलं. पण संस्थेचा परदेशी देणगीचा परवाना त्याच वर्षी गेला, २०१८ मध्ये बँक खाती गोठवली, २०१९ मध्ये ऑफिसं बंद करून माणसं कमी करावी लागली.

आणि २०१५ मधलीच आणखी एक गोष्ट, जी कुठल्याही पोस्टरवर नाही. इथे काम केलेल्या एका मुलीने लिहिलं, की तिचा लैंगिक छळ झाला, सहकाऱ्याने बलात्कार केला, आणि तक्रार केली तर कुणी नीट ऐकलं नाही. आणखी मुली पुढे आल्या. संस्थेने चूक कबूल केली, वरच्या पदावरच्यांना राजीनामे द्यावे लागले. जंगलातल्या बाईसाठी लढणाऱ्या ऑफिसात टेबलाशी बसलेल्या बाईचं ऐकायला वेळ नव्हता! मला सर्वांत जास्त राग याचा येतो.

तर आता तो 'भडकवलं' शब्द. नॉर्थ डकोटात स्टँडिंग रॉक नावाची सू आदिवासींची वस्ती आहे. तेलवाहिनी मिसुरी नदीच्या जलाशयाखालून जाणार होती, आणि ते यांचं पिण्याचं पाणी. एप्रिल २०१६ मध्ये लाडोना ब्रेव्ह बुल ॲलार्ड या बाईने आपल्या स्वतःच्या जमिनीवर विरोधाची पहिली छावणी उभी केली. शेजारच्या टेकडीवर तिच्या मुलाला पुरलेलं होतं. हजारो माणसं तिथे येऊन राहिली. ग्रीनपीसचं म्हणणं, आम्ही बोलावल्यावरून थोडी मदत केली, लढा त्यांचाच. तिथले आदिवासीही तेच सांगत आले, हा आमचा लढा, आमच्या पाण्याचा. तरी ज्युरीपुढे चित्र असं उभं राहिलं, की कुणीतरी बाहेरून येऊन या भोळ्या लोकांना फूस लावली.

आमच्या कचरा डेपोच्या वेळी साहेबांनी आम्हाला हेच विचारलं होतं, "बायांनो, तुम्हाला कुणी पाठवलं?" कुणी पाठवलं म्हणजे? विहिरीचं पाणी पिवळं झालं, पोरांच्या अंगावर पुरळ उठलं, त्याने पाठवलं! महानच्या बायकांना परदेशी पैशाने नाचवलं म्हणे, स्टँडिंग रॉकच्या लाडोनाला ग्रीनपीसने. बाईला स्वतःचं पाणी कळत नाही, असंच यांचं गणित.

स्वित्झर्लंडमधल्या म्हाताऱ्यांनाही हे ऐकून घ्यावं लागलं. उन्हाळ्याच्या लाटांत म्हाताऱ्या बायका जास्त दगावतात, म्हणून २०१६ मध्ये तिथल्या चौसष्टीपुढच्या बायकांनी ग्रीनपीसच्या मदतीने संघटना काढली आणि सरकारलाच कोर्टात खेचलं. ग्रीनपीसच्या हातातल्या बाहुल्या, असं लोक म्हणाले. दोन हजारांवर आजीबाई, सरासरी वय सत्तरीच्या पुढे, आपल्या देशात सगळीकडे हरल्या आणि स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात ९ एप्रिल २०२४ ला जिंकल्या! हवामानबदलाबाबत सरकारने कर्तव्य केलं नाही, असं एखाद्या देशाला या न्यायालयाने प्रथमच सुनावलं. स्विस संसदेने दोन महिन्यांनी 'आम्ही पुरेसं करतोय' असा ठराव केला तो केलाच. या आजींच्या देशात बायकांना देशाच्या निवडणुकीत मत द्यायचा हक्क मिळाला तो १९७१ मध्ये. फिलिस कॉर्मॅक निघाली त्याच वर्षी.

हे सगळं लिहिता लिहिता मी परवा आमच्या वहिनींना त्या पहिल्या बोटीवरच्या मंडळींचा फोटो दाखवला. दाढीवाले, केस वाढवलेले पुरुष. त्यांनी पुन्हा चष्मा लावला.

"आणि बोटीचं नाव काय म्हणालात?"

"फिलिस कॉर्मॅक. कॅप्टनच्या बायकोचं नाव."

"मग ती कुठली यातली?"

"ती नाहीये फोटोत."

"हातसुद्धा नाही?" वहिनींनी विचारलं.